सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट आणि ‘उद्या या’

गाडी घेताना शोरूममध्ये मायलेजचं तोंड भरून सांगतात, टाकीच्या टेस्टचं अवाक्षर काढत नाहीत. मला ते पंपावर कळलं. रांगेत ताटकळून नंबर लागला, आम्ही सगळे खाली उतरलो आणि पोरानं नोझल हातात धरूनच गाडीवरची टाकीच्या टेस्टच्या तारखेची प्लेट वाचली. “काका, टेस्ट संपलीया. न्हाय भरता येत.” मागून हॉर्न सुरू झाले होते. वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण पोरगं बरोबर बोलत होतं.

नियम साधा आहे. गाडीतल्या सीएनजी टाकीची दर 3 वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते, कंपनी फिटेड असो की बाहेरून किट बसवलेलं. फक्त 3 वर्षं पासिंगच्या तारखेपासून मोजू नका. टाकी गाडीच्या आधी तयार होते, आणि तिच्यावर ठोकलेली तारीख धरतात. आरसीवरून हिशोब करणाऱ्याची मुदत त्याच्या नकळत आधीच संपते.

माहिती काढणं, गॅरेज गाठणं हे सगळं झटपट झालं. हायवेकडेच्या गॅरेजवाल्यानं टाकी काढून घेतली आणि म्हणाला, “उद्या संध्याकाळी या, साहेब.” तो उद्या काही उजाडेना. फोन केला की “टाकी बाहेरगावी गेलीया,” पुन्हा केला की “गाडी भरल्याशिवाय पाठवत न्हाईत,” म्हणजे आधी गेलीच नव्हती! चाचणी कुठल्याही गॅरेजात होत नाही, पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याची, मान्यता असलेल्या केंद्रावरच होते. त्यामुळे गॅरेजवाले चार-सहा टाक्या साठवून एकदम पाठवतात. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी चार ठिकाणी विचारलं असतं. डिकीत रिकामे पट्टे खडखडत होते आणि मी पेट्रोलवर कावळा नाका ते शिरोली फिरत मनातल्या मनात रुपये मोजत होतो. एकदा प्रत्यक्ष गेलो तर मालक जेवायला गेलेले, कामगार म्हणतो मला काय माहीत न्हाय. चहा मात्र प्रत्येक वेळी मिळाला. माझी टाकी कोणत्या केंद्रावर आहे, याचं उत्तर अखेरपर्यंत मिळालं नाही.

वेळ लागतो याबद्दल तक्रार नाही. काम जबाबदारीचंच आहे. घरच्या सिलिंडरमधला एलपीजी थोड्या दाबानं द्रव होतो; सीएनजी मात्र 200 बार दाबाखालीही गॅसच राहतो, म्हणून ती टाकी एवढी जाड आणि जड. चाचणीत ती पाण्यानं भरून त्याहून बराच जास्त दाब देतात, फुगून पुन्हा पूर्ववत होते का ते बघतात, मग आतून वाळवून नवी तारीख ठोकतात. खोटं बोलायची गरज यात कुठे आहे?

शेवटी टाकी आली, बसवली, प्रमाणपत्र हातात पडलं. माझी उभी हयात बँकेत गेली, आकडे जुळवल्याशिवाय सही होत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून डिकीत डोकं घातलं आणि टाकीच्या गळ्यावर ठोकलेला नंबर एकेक आकडा करून वाचला. प्रमाणपत्रावर शेवटचे दोन आकडे उलटे! गॅरेजवाला म्हणाला, “चालतंय की साहेब, कोण बघतंय.” मी पैसे परत खिशात ठेवले. मग मात्र केंद्राला फोनही लागला आणि दुरुस्त कागदही आला. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीनं नंबर ताडून बघितला, तर हा गॅरेजवाला माझ्या बाजूनं उभा राहणार होता थोडाच! तेव्हा नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका, ही गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगतो.

आणखी एक राहिलं. टाकी द्यायच्या आधी गाडी चालवून गॅस संपवत आणा, उरलेला गॅस तसाच हवेत सोडून देतात. पेट्रोलची टाकीही अर्धी तरी भरलेली असू द्या. एरवी आपण गॅसच्या नादात ती कोरडी ठेवतो. पेट्रोलवर पन्हाळ्याचा चढ गाडीनं झोकात चढला, तेवढंच समाधान. गॅस इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो, म्हणून चढाला गाडी जरा मंद वाटते.

टाकी बसवून झाल्यावर जोडांवर साबणाचं पाणी लावून दाखवायला सांगा. बुडबुडा आला तर पुन्हा आवळून घ्या. आमच्या गॅरेजवाल्यानं हेही मागितल्यावरच केलं, तेही तोंड वाकडं करून. नवी प्लेट लावायलाही विसरत होता. ती नसती तर पंपावरचं पोरगं पुन्हा मान हलवून मोकळं झालं असतं.