मागच्या पडवीवरचे पत्रे

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

सगळी मुलं घरी पोचली. शेवटचा फोन आठला येऊन गेला, म्हणजे काळजीचं काही उरलेलं नाही. तरी मी अजून स्वयंपाकघरातच बसलेय आणि समोर त्यांची वही उघडी आहे. दिवस चांगला गेला. पण निघता निघता त्या दोन वेण्यांच्या मुलीनं एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून जेवणसुद्धा गेलं नाही.

आधी दिवसाचं लिहिते, ते सोपं आहे.

नववीची १९ मुलं होती. ध्वनीचा धडा वर्गात शिकवून झालाय, पण पंख्याच्या घरघरीत आणि शेजारच्या वर्गाच्या गोंगाटात प्रतिध्वनी कुठून आणायचा? म्हणून त्यांना डिचोलीच्या आतल्या आमच्या घरी नेलं. गावात त्या घराला काय म्हणतात ते मुलांना ठाऊक आहे, माझ्यासमोर कुणी म्हणत नाही एवढंच. कुलूप काढलं तेव्हा मोठमोठी पोरं एकमेकांच्या पाठीआड होऊन आत शिरली. एकजण उंबरठ्याबाहेर चपला काढून हात जोडून उभा राहिला. राखणदाराला सांगूनच आत जा, असं त्याच्या आजीनं बजावलं होतं. मी त्याला काही बोलले नाही. लहानपणी मीही तेच करायचे.

राजांगणात टाळ्या वाजवून झाल्या. "प्रतिध्वनी येत नाही, टीचर." मग टेप काढली. भिंत ते भिंत ११ मीटर. २२ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला ३४४ मीटर जातो, ऐकलेला आवाज आपल्या मेंदूत एक दशांश सेकंद रेंगाळतो, म्हणून भिंत निदान १७.२ मीटर लांब हवी. हे सगळ्यांना पाठ होतं. पण स्वतः टेप धरून "अकराच आहे, म्हणून येत नाही" असं म्हणताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मग सगळे मागच्या कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत, पळाले, चाळीस पावलं मोजून उभे राहिले, आणि चिऱ्यांच्या भिंतीनं टाळी स्वच्छ परत दिली. नंतर कितीतरी वेळ ती भिंत टाळ्याच देत होती.

माजघरात वेगळं घडलं. तिथं आवाज परत येत नव्हता, पण सरतही नव्हता. एक शब्द बोलला की त्याची शेपटी खोलीभर फिरायची. निनाद. मी त्यांना सबाइनची गोष्ट सांगितली. हार्वर्डमध्ये एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळेना, कारण आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत. १८९५ साली हे काम तरुण वॉलेस सबाइनकडे आलं. तो रात्री, सगळं शांत झाल्यावर, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा वाहून आणायचा, मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती वेळ टिकतो ते घड्याळावर मोजायचा, आणि सकाळ व्हायच्या आत उशा परत नेऊन ठेवायचा. त्याला कळलं की एक माणूस साधारण सहा उशांइतका आवाज शोषून घेतो.

मुलांनी ट्रंका उघडून गोधड्या काढल्या, चटया अंथरल्या, शेवटी सगळी मांडी घालून खाली बसली. मी टाळी वाजवली. टप्. शेपटी नाही, काही नाही.

"१९ गुणिले ६, ११४ उशा," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "म्हणजे माणसं गेली म्हणून घर घुमायला लागलं."

त्याच्या मनात काही नव्हतं, तो गणितच करत होता. पण खरं आहे. मी लहान होते तेव्हा हे माजघर कधी घुमलं नाही. चतुर्थीला तीस-पस्तीस माणसं असायची, दांडीवर धोतरं-लुगडी, कोपऱ्यात भाताच्या गोण्या. आवाजाला घुमायला जागा कुठं होती? आणि नंतरची नऊ वर्षं आत्या एकटी. सहा उशा.

हे तिथं मोठ्यानं म्हटलं नाही.

घुमट घेऊन आलेल्या पोराचंही लिहायला हवं. आरतीत वाजवतो तो. मडक्याचं मोठं तोंड चामड्यानं मढवलेलं, दुसरं उघडं, आणि त्या उघड्या तोंडावर डावा तळवा कमी-जास्त झाकला की आवाज कसा बदलतो ते त्यानं माझ्यापेक्षा चांगलं दाखवलं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता त्याला कायद्यानं बंदी आहे, म्हणून बकऱ्याचं. २०१९ साली सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती. मडक्यातली हवा चामड्याबरोबर हलते म्हणून थाप एवढी खोल वाटते, हे समजावत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "म्हणजे हा माळा घुमटच की, टीचर." मला वाटलं, बोलतोय आपला काहीतरी.

न्हाणीत वटवाघळं होती, त्यांच्या हाका २०,००० हर्ट्झच्या वर, आपल्याला ऐकू येत नाहीत, वगैरे. ते पटकन झालं, वास फार येत होता.

मग सहाच्या आधी थोडा वेळ तो आवाज सुरू झाला.

टक्. जरा थांबून, टक्. डोक्यावर, माळ्याच्या फळ्यांवर. मागून पुढं येणारा. मुलं एकदम गप्प झाली. मी पण झाले. मुलं माझ्याकडे बघत होती आणि माझे तळहात गार पडले होते. ५१ वर्षांची मी, २४ वर्षं विज्ञान शिकवणारी.

दोन वेण्यांची मुलगी घाबरली होती, हात थरथरत होता, पण तिनं वहीत रकाने आखले. वेळ. कुठून. कसा. कोणी ऐकला. आणि लिहायला लागली. ५.४१ पासून. सुरुवातीला चार-पाच सेकंदांनी एक. दहा मिनिटांनी पंधरा सेकंदांनी. मग पाऊण मिनिटानं. तिच्याकडे बघून बाकीच्यांना धीर आला. एकानं माजघराच्या खांबाला कान लावला आणि ओरडला, "इथं केवढ्यानं येतोय!" दुसरा मागच्या पडवीत धावला, तिथून हाक आली, "इथं बाहेर आहे, वर नाही!"

पडवीवर पत्रे आहेत. बाकी घर मंगळुरी कौलांचं, पण मागच्या बाजूला भाईनं पत्रे घातले. शिडी लावून एक मुलगा वर चढला आणि पत्र्यावर हात ठेवला. त्याचे वडील छपरांचंच काम करतात. "अजून गरम आहे," तो म्हणाला. मग हुकांपाशी बोट फिरवून म्हणाला, "भोक मोठं पाडायचं असतं, टीचर. पत्र्याला हलायला जागा लागते. हे घट्ट आवळलंय."

पुढचं फळ्याची गरज नसताना झालं. दिवसभर तापलेला पत्रा ऊन उतरलं की आकसतो. तीन मीटरचा लोखंडी पत्रा तीस अंश निवला तर जेमतेम १ मिलिमीटर आखडतो. पण हुक त्याला धरून ठेवतो, ताण साठत जातो, आणि सुटतो तो एकदम. टक्. तो धक्का वाशात उतरतो, वाशातून आढ्यात, आढ्यातून खांबात. लाकडातून आवाज हवेच्या जवळजवळ दहापट वेगानं धावतो, म्हणून नेमका कुठून आला ते कानाला कळत नाही. आणि माळ्याच्या रुंद फळ्या थरथरून त्याला मोठा करतात. तो घुमटवाला बरोबर बोलला होता. गरम वस्तू आधी भराभर निवते आणि मग सावकाश, म्हणून पावलंही आधी भराभर पडतात आणि मग लांबत जातात. शेवटचं ६.३८ ला पडलं.

"हा आवाज कधीपासून येतो, टीचर?"

"पत्रे घातले त्या वर्षापासून," मी म्हणाले. म्हणाले आणि थबकले. दोन्ही गोष्टी मला सात वर्षं माहीत होत्या. एकमेकींशेजारी कधी ठेवल्या नव्हत्या.

मग गाडीत चढताना त्या मुलीनं विचारलं, "आई म्हणते तुमच्या आत्याला वर कोणीतरी चाललेलं ऐकू यायचं. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं?"

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि मी सुटले. पण सुटले कुठं?

मघापासून मनात येतंय की हे माझ्याच वाट्याला का. दर शनिवारी तांदूळ, औषधं घेऊन कोण जात होतं? पत्रे मी नाही घातले. डॉक्टरांकडे आत्याला विसर पडतोय असं सांगणारी मी नव्हते. तिला म्हापशाच्या फ्लॅटवर न्यायचं भाईनं ठरवलं, वयनीनं सामान बांधलं. त्यांना कोणी नाही विचारत. एक तास असंच चाललंय माझं.

पण त्या मुलीनं विचारलं ते हे नाहीच.

मे महिना होता. मी दोन दिवस राहायला गेले होते. दिवेलागणीला तुळशीपुढं पणती ठेवून आत आले, तेव्हा आत्या माजघरात खांबाला टेकून बसली होती आणि वर बघत होती. "वयर कोण तरी चलता गो," ती म्हणाली. "चलता, चलता, आनी मागीर बसता. तुका आयकूंक येना?"

येत होतं. स्वच्छ येत होतं. टक्, आणि मग टक्. माझ्या अंगावर काटा आला होता.

मी म्हटलं, "ना गो आत्ये. कांयच ना."

का म्हटलं? तिनं घाबरू नये म्हणून, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आज वही समोर आहे म्हणून लिहिते, घाबरले मी होते. हो म्हटलं असतं तर शिडी चढून बघावं लागलं असतं. नाही म्हटलं आणि प्रश्न तिच्या कानांचा झाला, मग तिच्या डोक्याचा झाला. दुसऱ्या दिवशी मी सकाळच्याच बसनं निघाले. भाईनं फोनवर विचारलं, तुला काही ऐकू आलं का? त्यालाही मी नाही म्हटलं. त्यानंतर सगळं भराभर झालं.

कोव्हेंट्रीच्या त्या इंजिनिअरची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. विक टँडी. प्रयोगशाळेत रात्री त्याला कोणीतरी शेजारी उभं असल्यासारखं वाटलं, डोळ्यांच्या कडेला राखाडी काहीतरी दिसलं. तोही घाबरला. दुसऱ्या दिवशी त्यानं तलवारबाजीचं पातं पकडीत धरलं होतं, ते आपोआप थरथरताना दिसलं, आणि तो शोधत शोधत एका पंख्यापर्यंत पोचला. सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न कळणारा आवाज. १९९८ साली त्यानं ते लिहून छापलं. मी ही गोष्ट रंगवून सांगते. मुलांना सांगते, भीती वाटली तर वाटू दे, पण बघा. आत्यानं मला विचारलं त्या वर्षीही सांगितली होती.

म्हापशाच्या फ्लॅटमध्ये तिला आवाज यायचा थांबला. सगळे म्हणाले, औषध लागू पडलं. तिथं स्लॅब आहे.

ती मला एकदाच त्याबद्दल बोलली, तिथल्या गॅलरीत. "तुका खरेंच आयकूंक नाशिल्लें?" राग नव्हता तिच्या आवाजात. मला वाटतं तिला फक्त एक जोडीदार हवा होता ऐकायला. मी विषय बदलला, कैऱ्यांवर नेला. असो.

साडेबारा झाले. मघाशी उठून पाणी प्यायले, परत येऊन सगळे रकाने पहिल्यापासून वाचले. त्या मुलीचं अक्षर सुरुवातीला वेडंवाकडं आहे आणि तिसऱ्या ओळीपासून सरळ होत गेलंय. पहिल्या दोन ओळी वाचताना मला तिच्याबद्दल फार माया वाटली, आणि मग, कसं कोण जाणे, मे महिन्यात माजघराच्या दारात उभी असलेल्या त्या बाईबद्दलही थोडी वाटली. घाबरली होती ती. तिच्या हातात वही नव्हती. आत्या आता नाही, तिला सांगता येणार नाही, हे आता बदलायचं नाही. पत्रे तिथंच आहेत, उद्याही ऊन पडेल, संध्याकाळी ते चालतील आणि मग बसतील. सोमवारी त्या मुलीला उत्तर द्यायचंय, पूर्ण उत्तर. वर्गासमोर नाही, तिला एकटीला आधी.

वही सहीसाठी माझ्याकडे आहे. ५.४१ च्या वर, रकान्यांच्या नावांखाली, एक ओळ मोकळी सुटलीय. पेन घेतलं आणि लिहिलं. वेळ: मे महिना, सात वर्षांपूर्वी, दिवेलागण. कुठून: मागची पडवी. कसा: चालल्यासारखा, मग बसल्यासारखा. कोणी ऐकला: आत्यानं. आणि त्याच रकान्यात, जागा अपुरी पडली म्हणून बारीक अक्षरात, माझं नाव.