पुस्तक फाडलेलं नाही

आमच्या टीपॉयवर पहिल्यांदा चहा घेणारा माणूस कप उचलतो, खाली निरखून बघतो आणि विचारतो, "पुस्तक फाडून चिकटवलंत की काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नाही. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी कपाटात शाबूत आहे. टीपॉयवर आहे ते कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं तिच्यातल्या वाडीचं चित्र, आणि त्यात तिचं एकही वाक्य नाही.

आधी वाक्यंच लावणार होते. घरच्या इंकजेटवर पानांच्या प्रती काढल्या, पाणी घालून पातळ केलेलं फेव्हिकॉल वरून फिरवलं आणि सगळी शाई फुटली. झेरॉक्सची छपाई अशी फुटत नाही, हे नंतर कळलं. पण झालं ते बरंच झालं. अक्षरं दिसली की माणसं वाचत बसतात, बघत नाहीत.

मग ठरवलं, माणदेशाचा, म्हणजे कादंबरीतल्या त्या कोरड्या मुलखाचा, रंग तेवढा आणायचा. माळासाठी सिमेंटच्या पिशवीचा कागद. त्याच्याइतका कोरडा तपकिरी रंग विकत मिळत नाही. मधोमध तालीम. कादंबरीतला राजाराम मास्तर गावाकडून ती बांधून घेतो आणि उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात, म्हणून तिला जुन्या लग्नपत्रिकांचा लाल.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला मेंढरांनी. कात्रीने कापली तर शाळेच्या तक्त्यावरची वाटायची. हाताने फाडली तेव्हा कडेला तंतू सुटले आणि लोकर दिसायला लागली. अंगाला शेअर बाजाराचं पान, कारण ते बारीक आकडे लांबून करडे दिसतात. फक्त वर्तमानपत्र ओलं झालं की पाठीमागची छपाई वर येते. एका मेंढराच्या पोटात कुकरची जाहिरात उमटली! तेव्हापासून पानाची झेरॉक्स काढून तीच फाडते.

कागद ओला झाला की फुगतो. लगेच दाबला तर सुरकुत्या पडतात, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग मधून कडेकडे हात फिरवायचा. राहिलेला बुडबुडा टाचणीने फोडायचा. वर पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशचे सहा हात दिलेत, मध्ये मध्ये ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने. तेलाचं वार्निश पुढे पिवळं पडतं. माळाला ते शोभलं असतं, मेंढरांना नाही. (ही युक्ती माझी नव्हे. १८व्या शतकात व्हेनिसमध्ये महागड्या लाखकामाची नक्कल म्हणून छापील चित्रं कापून फर्निचरवर चिकटवत आणि वर वार्निशचे थर देत. त्याला म्हणायचेच ‘गरिबाची लाख’.)

राहिला खिडकीकडचा कोपरा. कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो, माणसं जित्राबं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते. म्हणून त्या बाजूला घरं विरळ होत जातात, मग मेंढरं, आणि शेवटची वीतभर जागा नुसती सिमेंटची पिशवी. पाय बसवायला आलेल्या सुतारमामांनी ते पाहून हळूच विचारलं होतं, "ताई, कागद कमी पडला का?"

पाहुणे कप तिथेच ठेवतात. इकडे चित्र खराब होईल, तिकडे काही नाहीये, म्हणतात.