पडद्यावरचा आकडा आणि जुना पीएलसी

नवा संगणक, त्यावर यंत्रांची स्थिती पडद्यावर दाखवणारे नवे स्काडा सॉफ्टवेअर आणि पलीकडे पंचवीस वर्षांचा पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा नियंत्रक, अशी जोडणी करण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे वारंवार येते. अशा कामात पडद्यावर ‘कम्युनिकेशन फेल’ असे लाल अक्षरांत आले की सगळे जण प्रथम केबलकडे धावतात. केबल तपासावीच. बॉड रेट (तारेवरचा वेग), पॅरिटी आणि स्टॉप बिट दोन्ही टोकांना सारखे आहेत ना, आरएस-४८५ च्या (अनेक यंत्रे जोडता येणाऱ्या) तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध आहे ना, हेही पाहावे. मात्र हे दोष लवकर सापडतात, कारण त्यांत बहुधा काहीच चालत नाही. संवाद चालू आहे असे दिसते आणि तरीही काहीतरी बिनसलेले असते, तेव्हा मला जास्त वेळ लागतो. अशा वेळी दोष बहुतेकदा ड्रायव्हरने, म्हणजे संगणकातील पीएलसीशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरने, गृहीत धरलेला वेग आणि पीएलसीला झेपणारा वेग यांच्यातील तफावतीत असतो.

मॉडबसचे उदाहरण घेतो, कारण १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणलेला हा प्रोटोकॉल (संवादाचे नियम) अजूनही सर्वत्र भेटतो. त्याच्या आरटीयू प्रकारात एक अक्षर ११ बिटांचे असते, म्हणजे ९६०० बॉडला एका अक्षरास साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात. एक रजिस्टर (पीएलसीच्या स्मृतीतील एका संख्येची जागा) वाचण्याची विनंती ८ अक्षरांची आणि उत्तर ७ अक्षरांचे, असे मिळून १७ मिलिसेकंद होतात. त्यात दोन्ही बाजूंच्या साडेतीन अक्षरांच्या सक्तीच्या शांततेचे ८ मिलिसेकंद आणि पीएलसीने उत्तर देण्यास घेतलेले, समजा, ४० मिलिसेकंद मिळवले की एका वाचनाला ६५ मिलिसेकंद लागतात. पडद्यावर असे साठ टॅग (पीएलसीतल्या जागांशी जोडलेले आकडे) असतील आणि ड्रायव्हर प्रत्येकासाठी स्वतंत्र विनंती करत असेल, तर एका फेरीला जवळपास चार सेकंद जातात. तीच साठ रजिस्टरे सलग असून एकाच विनंतीत वाचली, तर १३३ अक्षरे जातात-येतात आणि सगळे काम सुमारे २०० मिलिसेकंदांत आटोपते.

तारेवरच्या वेगापेक्षा पीएलसीचा ४० मिलिसेकंदांचा विलंब येथे अधिक महत्त्वाचा आहे, हे लक्षात यायला मला स्वतःला बराच काळ लागला. पुष्कळसे जुने पीएलसी संवादाचे काम प्रोग्रामचा स्कॅन (एक पूर्ण आवर्तन) संपल्यावरच हाती घेतात, त्यामुळे बॉड रेट दुप्पट केला तरी हा विलंब हलत नाही. उलट टॅगचा अपडेट रेट १०० मिलिसेकंद ठेवून आपण अधिक ताजी माहिती मागत आहोत असे समजणारा अभियंता प्रत्यक्षात फक्त ड्रायव्हरच्या रांगेत विनंत्यांची गर्दी वाढवत असतो.

यावरचा उपाय सलग गटाने वाचणे हा आहे, पण त्यालाही एक अडचण आहे. मॉडबसमध्ये एका विनंतीत जास्तीत जास्त १२५ रजिस्टरे वाचता येतात, म्हणून ड्रायव्हर मधल्या रिकाम्या जागांसह मोठा गट मागतो. काही नियंत्रकांना त्या रिकाम्या जागा मान्य नसतात. ते अपवाद क्रमांक २, म्हणजे चुकीचा पत्ता, असे उत्तर देऊन संपूर्ण गट नाकारतात. मग कोणीतरी घाईत जोडलेल्या एका चुकीच्या टॅगपायी त्याच गटातले एकोणसाठ चांगले टॅगही मरतात आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. अशा वेळी मी गटाचा आकार ड्रायव्हरमध्येच लहान करतो आणि निम्मे-निम्मे करत तो टॅग गाठतो.

एकाच तारेवर अनेक नियंत्रक असतील, तर आणखी एक गोष्ट घडते. मी पाहिलेल्या एका जोडणीत बारा नियंत्रक होते आणि सगळे सुरू असताना एक फेरी सेकंदाच्या आसपास पूर्ण होत असे. त्यांतले एक यंत्र देखभालीसाठी बंद केले की मात्र उरलेल्या अकरांचे आकडे दहा-बारा सेकंद जागचे हलत नसत. कारण साधे होते: टाइमआउट एक सेकंद, प्रत्येक विनंतीचे तीन प्रयत्न, आणि बंद नियंत्रकाकडे मागितलेले गट चार, म्हणजे प्रत्येक फेरीत बारा सेकंद केवळ न येणाऱ्या उत्तराची वाट पाहण्यात जात होते. चालक मात्र ‘नवे सॉफ्टवेअर संथ आहे’ अशीच तक्रार करत होते आणि त्यांना जे दिसत होते त्यावरून ती चूकही नव्हती. उत्तर न देणाऱ्या नियंत्रकाला काही काळ फेरीतून बाहेर ठेवून अर्ध्या मिनिटाने एकदाच हाक मारावी, अशी सोय बऱ्याच ड्रायव्हरमध्ये असते; येथे ती कोणी सुरू केलेली नव्हती.

संगणक बदलल्यावर उद्भवणारे दोष वेगळे. जुन्या संगणकाला खरा सिरिअल पोर्ट होता, नव्याला यूएसबी कन्व्हर्टर लावावा लागतो. एफटीडीआयच्या चिपवर चालणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये आलेली अक्षरे पुढे पाठवण्यापूर्वी १६ मिलिसेकंदांपर्यंत थांबण्याची मूळ मांडणी असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती १ वर आणली की प्रत्येक उत्तरामागचा तो विलंब जातो. काही जुने ड्रायव्हर आरएस-४८५ ची दिशा (पाठवायचे की ऐकायचे) आरटीएस सिग्नलने स्वतः बदलतात. यूएसबीमार्गे तो सिग्नल वेळेवर खाली येत नाही आणि उत्तराचे पहिले अक्षर हरवते. मग सीआरसी, म्हणजे संदेशाच्या अखेरची पडताळणीची संख्या, जुळत नाही आणि ड्रायव्हर नियंत्रकालाच दोषी ठरवतो. दिशा आपोआप बदलणारा कन्व्हर्टर लावला की हा प्रश्न मिटतो. ६४ बिटी विंडोजवर विंडोजच्या गाभ्यात चालणारे ३२ बिटी कर्नल ड्रायव्हर चढतच नाहीत, त्यामुळे जुन्या खास कार्डांचा विषय तिथेच संपतो. जुन्या ओपीसीवर (सॉफ्टवेअरांनी एकमेकांना आकडे देण्याच्या मानकावर) अवलंबून असणाऱ्यांना डीकॉमच्या, म्हणजे त्यामागच्या विंडोजच्या सोयीच्या, सुरक्षेने गाठले: १४ मार्च २०२३ च्या विंडोज अपडेटनंतर कडक केलेली तपासणी बंद करण्याची सोयच उरली नाही आणि दोन संगणकांमध्ये विभागलेल्या कित्येक जोडण्यांना हात लावावा लागला.

आतापर्यंतच्या दोषांत निदान काहीतरी बिनसल्याचे दिसते. पत्त्यांच्या आणि आकड्यांच्या चुकांत तेही दिसत नाही. मॉडबसचे ४०००१ हे रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाने मागितले जाते; एक ड्रायव्हर ही वजाबाकी स्वतः करतो, दुसरा करत नाही, आणि एका घराची चूक झाली की शेजारचा आकडा वाचला जातो. शेजारी-शेजारी असलेल्या दोन टाक्यांचे दाब एकमेकांच्या जवळपास राहत असल्यामुळे अशी चूक दोन आठवडे कोणाच्याच लक्षात न आल्याचे मी अनुभवले आहे. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत इनपुट-आउटपुटचे क्रमांक अष्टमान पद्धतीचे असतात, म्हणजे एक्स७ नंतर थेट एक्स१० येतो. दशमान गृहीत धरून टॅगची यादी आपोआप भरली की पहिले आठ बरोबर येतात आणि नववा चुकतो.

दोन रजिस्टरांत मावणाऱ्या दशांश संख्येत तर शब्दांचा क्रम उलटा झाला की १२३.४५ च्या जागी उणे २७ वर बावीस शून्ये इतका प्रचंड आकडा दिसतो. तो निदान लगेच खटकतो. पण नेमके १००.० असेल तर क्रम उलटल्यावर निघणारी संख्या इतकी सूक्ष्म असते की पडद्यावर ०.०० दिसते आणि संवेदक बंद असावा असे वाटते. म्हणून चाचणीसाठी मी १०० सारखी गोल संख्या कधीच वापरत नाही.

संवाद तुटल्यावर पडद्यावर काय दिसते, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि काम हाती देताना तोच बहुधा तपासायचा राहतो. अनेक पडदे शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात. ओपीसीत प्रत्येक मूल्यासोबत गुणवत्तेचा अंकही येतो, १९२ म्हणजे चांगली. परंतु चित्र काढणाऱ्याने तो अंक रंगाशी जोडलाच नसेल तर त्याचा उपयोग नाही. याहून गंभीर गोष्ट म्हणजे दाबून धरण्याचे बटण. दाबले की १ लिहायचा आणि सोडले की ० लिहायचा, अशी त्याची रचना असते, आणि या दोन लिखाणांच्या मध्येच संवाद तुटला तर तो १ पीएलसीत तसाच राहतो व बोट उचलल्यानंतरही यंत्र चालत राहते. तो बिट ठरावीक वेळेने स्वतःच शून्य करण्याचे काम पीएलसीच्या प्रोग्रामनेच केले पाहिजे, ड्रायव्हरवर ते सोपवता येत नाही. आणि यंत्र खरोखर थांबवण्यासाठी तारेने जोडलेले आपत्कालीन बटण वेगळे असावेच लागते.

संवाद जिवंत आहे का हे पाहण्यासाठी दर सेकंदाला एकाने वाढणारे रजिस्टर पीएलसीत ठेवावे, असे मी नेहमी सुचवतो. पाच सेकंद ते हलले नाही की पडद्यावरचे सगळे आकडे करडे करायचे. मागच्या कामात मात्र पीएलसीचा मूळ प्रोग्राम कोणाकडेच नव्हता आणि पासवर्डही हरवला होता, त्यामुळे नवे रजिस्टर घालण्याची सोय नव्हती. शेवटी स्मृतीचे पत्ते एकेक करून वाचत गेलो, तेव्हा वंगण पंपाच्या टायमरचा सतत मोजत राहणारा आकडा सापडला, आणि तोच आता त्या पडद्यावर संवादाची खूण म्हणून काम करतो.