सोमवारी साडेनऊची बेल

मी इंग्लंडात, लेस्टरला राहते. मार्च 2022 मध्ये मनोरुग्णालयातून घरी आले ती एक कागद घेऊनच: कम्युनिटी ट्रीटमेंट ऑर्डर, म्हणजे सीटीओ. घरी राहा, पण आमच्या अटींवर. फोनवर आईला समजावलं तर म्हणाली, "म्हणजे येरवड्यातून सोडलं, पण दोरी त्यांच्याच हातात?" पुढे वकिलालाही हे इतक्या थोडक्यात जमलं नाही.

दर चौथ्या सोमवारी साडेनऊला बेल वाजायची. नर्स आत यायची, मी ओट्याकडे तोंड करून उभी राहायची आणि कुकरच्या शिट्या मोजायची. तिसऱ्या शिट्टीला सुई बाहेर, चौथीला नर्स गेटाबाहेर. वर्षभर मी हूं की चूं केलं नाही. नको म्हटलं तर पोलीस येतील, धरून टोचतील, अशी माझी खात्रीच होती. तसं कुणी सांगितलं नव्हतं. हक्कांचं पत्रक पोस्टाने आलंही असेल, पण त्या दिवसांत मी पाकिटं फोडतच नव्हते.

सप्टेंबरमध्ये सहा महिने वाढले. मार्च 2023 मध्ये एकदम वर्ष. तेव्हा माझं डोकं फिरलं (हा वाक्प्रचार मी हल्ली जपून वापरते) आणि मी ॲडव्होकेट मागितली. इथल्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात ॲडव्होकेट म्हणजे वकील नव्हे. पेशंटच्या बाजूने बसणारी, उपचार करणाऱ्या टीमबाहेरची व्यक्ती, तीही फुकट. तिने माझ्याच जेवणाच्या टेबलावर कागद उलगडला आणि ओळीओळीवर बोट ठेवून वाचला. समजून-उमजून नको म्हणणाऱ्या माणसाला घरी जबरदस्तीने इंजेक्शन देता येत नाही. डॉक्टर लेखी नोटीस देऊन परत बोलावू शकतात, 72 तास ठेवू शकतात. त्यानंतर सोडा, नाहीतर सीटीओ रद्द करून पुन्हा भरती. पण बोलावण्यासाठीही नुसतं इंजेक्शन चुकवणं पुरत नाही. रुग्णालयातच उपचार लागतील अशी तब्येत आणि खरा धोका दिसावा लागतो.

म्हणजे वर्षभर मी ज्याला घाबरले, ते कागदावर नव्हतंच.

नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "तुला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं गं." राग आला. पण मला भरती केलं त्या रात्री ॲम्ब्युलन्समागे गाडी घेऊन तो आला होता. मला त्यातलं काही आठवतसुद्धा नाही.

ट्रिब्युनलकडे, म्हणजे सीटीओ उठवू शकणाऱ्या न्यायमंडळाकडे, अर्ज केला. वकील सरकारी खर्चाने मिळतो. समोर तिघं: न्यायाधीश, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक बिगर-डॉक्टर सदस्य. वकिलाने मला 2013 चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास आधीच सांगून ठेवला होता: इंग्लंडमधले 336 पेशंट, काही सीटीओवर, काही रुग्णालयातून रजेवर घरी सोडण्याच्या साध्या तरतुदीवर, वर्षभरात पुन्हा भरती झालेले दोन्हीकडे 36 टक्के. मी मनात टाळ्या वाजवल्या. निकाल माझ्या विरोधात गेला.

पण सुनावणीच्या तयारीत डॉक्टरांना प्रत्येक अट का, ते सांगावं लागलं होतं आणि दोन अटींचं कारण त्यांनाच धड सांगता आलं नव्हतं. पुढच्या बैठकीत त्या गेल्या. सोमवार गेला, ओटा गेला; इंजेक्शन क्लिनिकमध्ये, शुक्रवारी, दंडावर, हे मी ठरवलं. डोस थोडा कमी झाला. शिवाय बिघडायला लागले तर काय करायचं, याचं एक पान आम्ही लिहिलं. पहिली खूण मीच सांगितली: रात्री दोनला स्टीलचे सगळे डबे घासायला काढते. डॉक्टरांनी "डबे म्हणजे?" विचारलं. नवऱ्याने हाताने आकार दाखवला, पोह्यांचा, रव्याचा, डाळीचा. लिहून घेतलं त्यांनी. डबे निघाले तर आधी नणंदेला फोन, मग क्रायसिस टीमला, म्हणजे मानसिक आजाराच्या तातडीच्या मदतीला. पोलीस अगदी शेवटी.

मार्च 2024 मध्ये मुदत संपली, वाढवली नाही. इंजेक्शन अजून घेते. मध्ये एकदा पाहुणे होते म्हणून गेले नाही. नर्सचा फोन आला, येतेस ना? म्हटलं, पुढच्या शुक्रवारी.

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.