चौपाटीवर बघायचं काय?

मुंबईला येणारे पाहुणे हमखास विचारतात, "गिरगाव चौपाटीवर बघण्यासारखं असं आहे तरी काय? पोहता येत नाही, पाणी स्वच्छ नाही." तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. पोहायला येऊच नका. चर्नी रोडला उतरा, ऊन कललं की वाळूत या आणि आधी टिळकांच्या पुतळ्यापाशी जा.

१ ऑगस्ट १९२० च्या पहाटे लोकमान्य सरदारगृह या विश्रामगृहात वारले. एरवी अंत्यसंस्कार सोनापूरच्या स्मशानात झाले असते, पण लोटलेला जनसागर तिथे मावणारा नव्हता. म्हणून चौपाटीच्या वाळूत चिता रचली गेली. पाऊस कोसळत होता, तरी माणसं हलली नाहीत. गांधीजींनी खांदा दिला होता. दहा वर्षांनी, एप्रिल १९३० मध्ये, याच किनाऱ्यावर मुंबईकरांनी कायदा मोडून मीठ केलं. त्यात कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले पुढे होत्या. बायका घरातून घागरी घेऊन समुद्राचं पाणी न्यायला आल्या, हे मला त्या सगळ्या लढ्यातलं सर्वांत मोठं दृश्य वाटतं.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची, दहशतवादी हल्ल्याची रात्र. चौपाटीसमोरच्या रस्त्यावर नाकाबंदी होती. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. जवळच त्यांचा पुतळा आहे. गाडीतून जाताना नजरेतून सुटतो, म्हणून चालत जा.

मग खुशाल भेळ खा. भेळवाला कांदा, कैरी, चिंचेची चटणी पातेल्यात टाकून उलथन्याने चार फटके मारतो आणि कुरमुरे मऊ पडायच्या आत कागद हातात देतो. तिथेच उभं राहून खायची, घरी नेली की मजा गेली. कुल्फीही घ्या. समोर विल्सन कॉलेजची जुनी दगडी इमारत, एका बाजूला मरीन ड्राइव्हची वळत गेलेली ओळ दिसते. तिथल्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं.

अनंत चतुर्दशीला यायचं असेल तर मुलांचा हात सोडू नका. मोठे गणपती येईपर्यंत रात्र सरते, लालबागचा राजा तर दुसऱ्या दिवशी पोहोचतो आणि तराफ्यावरून खोल पाण्यात जातो. पायात काहीतरी घाला: २०१३ साली विसर्जनाच्या वेळी पाकट माशांनी कितीतरी जणांना डंख केले होते. गर्दी नको असेल तर सकाळी ओहोटीला या. वाळू लांबवर उघडी पडते, फिरायला आलेले म्हातारे सोडले तर कुणी नसतं.