रहाडीचे पाणी आणि चित्रफितीच्या तीन प्रती

यंदाच्या रंगपंचमीला मी जुन्या नाशकातील एका रहाडीवर ४२ मिनिटांचे चित्रीकरण केले. नाशकाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर रहाड म्हणजे पेशवेकाळापासून चालत आलेला, जमिनीखाली बांधलेला हौद. तो वर्षभर झाकलेला असतो आणि रंगपंचमीला उघडून रंगीत पाण्याने भरला जातो. त्यात उडी घेण्याला आमच्याकडे धप्पा मारणे म्हणतात. हे चित्रीकरण काटछाट करून १४ मिनिटांचे झाले आणि त्याच्या तीन प्रती मागण्यात आल्या: मंडळाच्या सभागृहातील मोठ्या पडद्यासाठी पेन ड्राइव्हवर एक, सिन्नरच्या मावशीच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरसाठी एक, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी एक. या तीन प्रती काढताना मला चित्रीकरणाच्या दिवसापेक्षा अधिक वेळ लागला, आणि त्यातील बहुतेक वेळ पाण्याने खाल्ला.

पाण्याने म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले आणि सेकंदाला ५० चौकटी मोजल्या, तर दर सेकंदाला सुमारे ३११ मेगाबाइट माहिती तयार होते. माझा कॅमेरा एव्हीसीएचडी या साठवण्याच्या पद्धतीने, सेकंदाला जास्तीत जास्त २८ मेगाबिट, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट धरून) साडेतीन मेगाबाइट एवढ्यातच हे सारे बसवतो. याचा अर्थ असा की ज्याला आपण मूळ चित्रीकरण म्हणतो, तेच मुळात सुमारे नव्वद पट आवळलेले असते. कॅमेऱ्यातील एच.२६४ हा कोडेक (चित्र आवळण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत), ज्याचे प्रमाणीकरण २००३ साली झाले, प्रत्येक चौकट पूर्ण लिहीत नाही. मधूनमधून एक चौकट पूर्ण लिहितो आणि पुढच्या चौकटींसाठी केवळ "हा तुकडा मघाशी तिथे होता, आता इथे सरकला" एवढीच नोंद ठेवतो. रहाडीच्या काठावर उभी असलेली माणसे, मागच्या वाड्याची भिंत आणि सज्जा यांच्यासाठी ही युक्ती उत्तम चालते. परंतु कोणी धप्पा मारला आणि पाणी उसळले, की त्या हजारो थेंबांपैकी एकाचाही तुकडा आधीच्या चौकटीत सापडत नाही. अशा वेळी एन्कोडरला, म्हणजे चित्र आवळणाऱ्या यंत्रणेला, सगळेच नव्याने लिहावे लागते, आणि बिटरेट (दर सेकंदासाठी दिलेले बिट) अपुरा असेल तर तो थेंबांच्या जागी चौकोनी ठिगळे लावून मोकळा होतो. गंगेवर पुराच्या वेळी चित्रीकरण केलेल्या प्रत्येकाला ही ठिगळे परिचयाची असतील. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.)

म्हणूनच "एवढ्या मिनिटांच्या फितीला किती बिटरेट ठेवू?" या प्रश्नाला मिनिटांवरून उत्तर देता येत नाही. एका जागी बसून चाललेले कीर्तन आणि रहाडीतील धप्पा यांची लांबी सारखी असली तरी भूक सारखी नसते. सभागृहाच्या प्रतीसाठी मी त्यामुळे ठरावीक बिटरेट न देता ठरावीक दर्जा दिला. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये एक्स२६४ हा एच.२६४ चा एन्कोडर वापरताना सीआरएफ नावाचा आकडा देता येतो. तो ० ते ५१ असतो, काहीच न सांगितल्यास २३ धरला जातो, आणि आकडा जितका कमी तितका दर्जा वरचा. मी १८ ठेवला. शांत भागात एन्कोडरने हात आखडता घेतला, धप्प्याच्या वेळी सैल सोडला, आणि हीच अपेक्षा होती. एच.२६५ हा २०१३ साली आलेला कोडेक वापरला असता तर फाइल आणखी लहान झाली असती, पण सभागृहातील टीव्ही त्या फायलीचा केवळ आवाज ऐकवतो आणि पडदा काळा ठेवतो, हे मी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जाऊन पाहून आलो होतो. पेन ड्राइव्हच्या बाबतीतही एक अडचण असते. जुने टीव्ही फॅट३२ हीच मांडणी वाचतात आणि तीत एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी ठेवता येत नाही. १४ मिनिटांना ती मर्यादा आड येत नाही, लग्नाच्या तीन तासांच्या फितीला हमखास येते.

मावशीच्या डीव्हीडीने मात्र माझी परीक्षा पाहिली. डीव्हीडी ही एमपेग-२ या जुन्या कोडेकची दुनिया आहे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चौकट ७२० गुणिले ५७६ बिंदूंची असते आणि चित्राचा बिटरेट सेकंदाला ९.८ मेगाबिटच्या वर नेता येत नाही. घरी लिहिलेल्या डिस्कवर तर मी ७ च्या पुढे जात नाही, कारण जुने प्लेअर अडखळू लागतात. १४ मिनिटांसाठी ४.७ गिगाबाइटची डिस्क ऐसपैस होती, त्यामुळे प्रश्न जागेचा नव्हता. प्रश्न चित्र लहान करण्याचा होता. पहिल्या प्रतीत मी चित्र ७२० गुणिले ५७६ केले, पण ते १६:९ मध्ये ताणून दाखवावे ही खूण लावायला विसरलो. मावशीचा फोन आला, "अरे, सगळे एकाएकी इतके बारीक कसे झाले रे?" तिच्या जुन्या टीव्हीवर रहाडीतील धष्टपुष्ट मंडळीही उंच आणि सडसडीत दिसत होती.

दुसऱ्या प्रतीत माणसे पूर्ववत झाली, पण वाड्याच्या सज्जाचे बारीक गज लुकलुकू लागले. डीव्हीडीवरील चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चौकटींत साठवता येते, एकीत वरून पहिली, तिसरी, पाचवी अशा ओळी आणि दुसरीत उरलेल्या. एचडीमधील गज लहान होऊन एकाच ओळीएवढा झाला, की तो एका अर्ध्या चौकटीत दिसतो आणि पुढच्या अर्ध्या चौकटीत नाहीसा होतो. त्यावर उपाय म्हणून लहान करताना चित्र उभ्या दिशेने किंचित मऊ करावे लागते. धारदार चित्र बिघडवायला मन तयार होत नाही, पण त्या पडद्यावर तेच बरे दिसते. तिसरी गोष्ट रंगाची होती. एचडी आणि जुन्या डीव्हीडीसाठी रंग मोजण्याची सूत्रे वेगळी आहेत, अनुक्रमे रेक. ७०९ आणि रेक. ६०१. त्यांचे रूपांतर न करता चित्र केवळ लहान केले, तर रंग थोडे सरकतात. एरवी हे कोणाच्या लक्षातही आले नसते, पण ज्या फितीचा विषयच रंग आहे तिथे केशरी पाणी केशरीच दिसले पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १६ मेगाबाइटची जुनी मर्यादा धरून सरळ भागाकार केला: १६ ला ८ ने गुणून १२८ मेगाबिट, त्याला ८४० सेकंदांनी भागले की सेकंदाला जेमतेम ०.१५ मेगाबिट उरतात, आणि त्यात आवाजही बसवायचा. एवढ्यात उसळते पाणी बसवणे म्हणजे रांजण वाटीत ओतणे होय. म्हणून मी सर्वांत उत्तम धप्प्यांचे ५० सेकंद निवडले, चौकट १२८० गुणिले ७२० केली आणि बिटरेट अडीच मेगाबिट ठेवला. ज्यांना पूर्ण फीत हवी होती, त्यांना ती दस्तऐवज म्हणून पाठवली, कारण त्या वाटेने गेलेली फाइल पुन्हा आवळली जात नाही.

या तिन्ही प्रती मी काटछाट केलेल्या, अगदी कमी आवळलेल्या एकाच प्रतीवरून काढल्या. ही मधली प्रत प्रोरेससारख्या, संपादनासाठी वापरल्या जाणाऱ्या कोडेकमध्ये अवाढव्य होते, काही गिगाबाइटच्या घरात सहज जाते, आणि मंडळातील एकाने ती पाहून "एवढ्याशा फितीला एवढी जागा?" असे विचारलेही. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फितीची डीव्हीडी करणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढणे होय. सातबाऱ्याच्या तिसऱ्या झेरॉक्सवरील अक्षरे ज्याने वाचण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला अधिक सांगण्याची गरज नाही.

हा शहाणपणा मला २०१५ च्या सिंहस्थाने दिला. तेव्हाचे रामकुंडावरील माझे चित्रीकरण इंटरलेस्ड होते, म्हणजे मघाशी सांगितलेल्या अर्ध्या चौकटींचे. हार्ड डिस्क भरत आली म्हणून मी त्याच्या लहान प्रती काढल्या आणि मूळ फायली पुसून टाकल्या. त्या प्रती काढताना आधी डीइंटरलेस करावे (अर्ध्या चौकटींच्या पूर्ण चौकटी कराव्यात) आणि मग लहान करावे, हा क्रम मी पाळला नाही. परिणाम असा की दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळून लहान झाल्या आणि चालत्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात उमटावेत तशा रेघा कायमच्या बसल्या. मूळ फाइल असती तर यादिफसारख्या डीइंटरलेस करणाऱ्या गाळणीने (फिल्टरने) ते काम काही मिनिटांत झाले असते. मिसळून गेलेल्या ओळी मात्र आता कोणतीही गाळणी वेगळ्या करू शकत नाही. पुढचा सिंहस्थ तोंडावर आल्याने ओळखीचे लोक त्या वेळची दृश्ये मागतात आणि मी त्यांना कंगव्याचे दात असलेली शाही मिरवणूक देतो.

रहाडीच्या कॅमेऱ्यातील मूळ फायली ९ गिगाबाइटहूनही कमी आहेत. त्या दोन डिस्कवर उतरवल्या आहेत आणि त्यांतील एक डिस्क नाशिकरोडला भावाच्या घरी ठेवली आहे.