एकोणतीसचा पाढा आणि पोटावरचं इंजेक्शन

दहा दिवसांत माझ्या पोटावर चार डाग पडले होते. त्यातला एक तर बंद्या रुपयाएवढा, जांभळा. जुना होता तो पिवळट-हिरवा पडत चाललेला. आणि अजून सव्वादोनशेच्या आसपास इंजेक्शनं घ्यायची होती.

आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सगळं संपलं. मग रक्ततपासणी झाली, बारा आठवडे थांबून तीच तपासणी पुन्हा झाली, आणि दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती. त्या वारेत, म्हणजे प्लॅसेंटात झाल्या की बाळाचं पोषणच अडतं. उपाय म्हणून रोज ॲस्पिरिनची ७५ मिलीग्रॅमची गोळी आणि एनॉक्सापॅरिनचं ४० मिलीग्रॅमचं इंजेक्शन. तिसऱ्यांदा दिवस राहिल्यावर सहाव्या आठवड्यापासून सुरू.

सुरुवातीला नाशिकच्या सिडकोत घराजवळच्या एका दवाखान्यात जायचे. तिथला माणूस हुशार होता, पण घाईत असायचा. सुई आत, दट्ट्या खाली, दोन सेकंदांत मोकळा. वर कापूस दाबून म्हणायचा, "चोळा, ताई." मी चोळायचे. लहानपणापासून तेच ऐकलेलं ना! इंजेक्शनानंतर चोळायचं असतं, नाहीतर गाठ होते, हे आपल्याकडे प्रत्येकाला पाठ असतं. घरी आल्यावर सासूबाई विचारायच्या, "चोळलंस का नीट?" आणि दुसऱ्या दिवशी नवा डाग हजर.

या औषधाला चोळणं अजिबात चालत नाही, हे तपासणीच्या वेळी हॉस्पिटलमधल्या सिस्टरनी सांगितलं. रक्त पातळ ठेवणारं औषध ते. चोळलं की कातडीखालच्या बारीक नसांतून रक्त पसरतं. कापूस फक्त टेकवून धरायचा. त्याच दिवशी त्यांनी मला बाकावर आडवं करून, माझ्याच हातानं ते घ्यायला लावलं. नवरा सातपूरला शिफ्टमध्ये, त्याच्या भरवशावर रात्री नऊची वेळ पाळणं शक्यच नव्हतं. त्यामुळे शिकणं भाग होतं.

सिरिंज भरूनच येते आणि आत हवेचा एक बुडबुडा असतो. पहिल्याच दिवशी मी तो टिचक्या मारून बाहेर काढायला निघाले. सिस्टर ओरडल्याच. तो मुद्दाम ठेवलेला असतो. औषध संपलं की शेवटी तो बुडबुडा सुईतला उरलेला थेंब आत ढकलतो, म्हणजे सुई काढताना औषध वाटेत सांडत नाही आणि चरचरत नाही. सुईच्या टोकावर मात्र थेंब दिसला, तर सुई खाली धरून सिरिंजच्या नळीवर हलकेच टिचकी मारून तो पाडायचा. सुई पुसायची नाही. हा एक थेंब मी आधी मोजतच नव्हते, आणि तोच आत जाताना जळायचा.

स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, हेही तसंच. ओल्या स्पिरिटवर सुई टोचली की जी आग होते, तिला मी औषधाची आग समजत होते. आता पुसलं की हळूहळू वीस आकडे मोजते, फुंकर मारत नाही. त्याआधी फ्रीजरमधला बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून मिनिटभर जागेवर ठेवते. कातडी बधिर होते, टोचणं जेमतेम कळतं.

जागा म्हणजे पोटाच्या दोन बाजू, बेंबीपासून किमान पाच सेंटिमीटर दूर. आज डावी तर उद्या उजवी. कॅलेंडरवर रोज 'डा' किंवा 'उ' लिहायचे. दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी ही आमची बाराखडी. चिमटीत कातडीची घडी धरायची, सुई सरळ उभी पूर्ण आत घालायची आणि औषध संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही. सासूबाईंना भीती होती की सुई बाळाला लागेल. सव्वा सेंटिमीटरची सुई घडीतल्या चरबीतच राहते आणि औषधही वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, हे त्यांना पटवायला मला पूर्ण एक संध्याकाळ लागली. (हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं, हे मात्र मी अजून सांगितलेलं नाही. घर शाकाहारी आहे.)

पण सगळ्यात मोठा फरक कशानं पडला असेल, तर सावकाशीनं. दट्ट्या तीस सेकंद घेऊन दाबायचा. ऐकायला सोपं वाटतं. सुई पोटात असताना तीस सेकंद म्हणजे काय, ते घेणाऱ्यालाच कळतं. आकडे मोजायला लागले की वेग आपोआप वाढायचा आणि पंधरा सेकंदांतच तीस व्हायचे. म्हणून एकोणतीसचा पाढा काढला. वडिलांनी तीसपर्यंत पाढे घोकून घेतलेले, पण एकोणतीस तेव्हाही अडखळायचा. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, चोक एकशे सोळा... तिथून पुढे डोकं खर्चावंच लागतं, आणि डोकं गुंतलं की अंगठा आपोआप मंदावतो. दोनशे नव्वदला पोहोचेपर्यंत औषध संपलेलं असायचं. त्या आठवड्यापासून डाग रुपयाचे मोहरीएवढे झाले. काही दिवस तर काहीच नाही.

मे महिन्यात नवी अडचण. खोक्यावर २५ अंशांखाली ठेवा असं छापलेलं आणि घरात पंखाही गरम वारा फेकत होता. फ्रीजमध्ये ठेवलं तर गार औषध जास्त झोंबतं. मग अर्धा तास आधी काढून ठेवायचं, एवढा नेम केला. आठव्या महिन्यात पोट ताणलं, चिमटीत काही येईना. तेव्हा डॉक्टरांना विचारून कमरेच्या बाजूला सरकले.

एक चूक सांगायलाच हवी. सुरुवातीला मी वापरलेल्या सिरिंजा कोरड्या कचऱ्यात टाकायचे. एकदा घंटागाडीवरच्या दादांनी पिशवीतून बाहेर आलेली सुई दाखवली. हाताला लागली नव्हती, पण माझी मान खाली गेली. त्यानंतर फिनेलच्या जाड बाटलीत साठवून, झाकण लावून, हॉस्पिटलमध्ये नेऊन द्यायचे; त्यांच्याकडे सुयांसाठी पांढरा वेगळा डबा असतो.

सिझेरिअनच्या आदल्या रात्रीचं इंजेक्शन बंद ठेवलं, कारण पाठीत भूल द्यायच्या आधी शेवटच्या डोसला किमान बारा तास व्हावे लागतात. मुलगा झाला. नंतर सहा आठवडे, म्हणजे ४२ इंजेक्शनं आणखी होती. शेवटच्या रात्री मी एकोणतीस सत्ते दोनशे तीनपर्यंत आले आणि बाळानं भोकाड पसरलं. अंगठा दाबला जाणार, तेवढ्यात सासूबाई दारातून म्हणाल्या, "घाई करू नकोस गं, मी घेते त्याला. आणि चोळू नकोस."